विक्रम गाण्याचा की मोजमापाचा?

एखादे गाणे अमुक इतके आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्याने पूर्वीचा विक्रम मोडला, अशी वार्ता वाचताना आपण त्या आकड्याकडे डोंगराच्या उंचीकडे पाहावे तसे पाहतो. डोंगर होता, तो मोजला, आकडा मिळाला. आता त्यात मतभेदाला जागा उरली नाही, अशी आपली समजूत असते. आमचे मत याहून वेगळे आहे. लोकप्रियतेच्या यादीवरील विक्रम गाणे आणि मोजणीचा नियम या दोघांनी मिळून घडवलेला असतो. नियम बदलला की गाणे तेच, गायक तोच आणि श्रोतेही तेच असताना आकडा बदलतो. नियमाच्या मुळाशी नेहमी एकच प्रश्न असतो : कोणाचे ऐकणे हे ‘ऐकणे’ म्हणून धरायचे? हा प्रश्न वरकरणी हिशेबनिसाचा वाटेल; परंतु अभिरुचीचा इतिहास लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याला सामोरे जावेच लागते. गाण्याच्या बाबतीत तो अधिक स्पष्ट दिसतो, कारण तेथे याद्या दर आठवड्याला छापल्या गेल्या आणि त्यांचे नियमही बहुतांशी उघड आहेत. म्हणून प्रथम इंग्लंड व अमेरिका येथील याद्यांचा विचार करू आणि मग आपल्या परिचयाच्या प्रदेशाकडे वळू.

इंग्लंडमधील अशी पहिली यादी ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापली. तिची घडण अगदी साधी होती. कचेरीतून सुमारे वीस दुकानांना दूरध्वनी करायचा, कोणत्या तबकड्या अधिक खपल्या ते विचारायचे आणि उत्तरांची बेरीज मांडायची. अग्रस्थानाचा पहिला मान अल मार्टिनो या गायकाच्या ‘हिअर इन माय हार्ट’ला मिळाला व तो त्याने नऊ आठवडे राखला. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, फ्रँकी लेन याचे ‘आय बिलीव्ह’ तीन खेपांत मिळून १८ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. एकूण आठवड्यांचा हा ब्रिटिश विक्रम सात दशके उलटली तरी मोडलेला नाही. सलग आठवड्यांचा विक्रम ब्रायन ॲडम्सच्या १९९१ मधील चित्रपटगीताच्या नावावर असून तो १६ आठवड्यांचा आहे.

हे दोन आकडे संदर्भग्रंथांत एकाखाली एक छापलेले असतात. पहिला आकडा मूठभर दुकानदारांच्या तोंडी माहितीवर उभा आहे. दुसरा, दुकानांतील यंत्रांनी टिपलेल्या विक्रीवर. पहिला ज्या काळातला आहे त्या काळी तबकड्या ७८ फेऱ्यांच्या व महाग होत्या आणि नव्या गाण्यांची आवकही बेताची होती. १८ मोठे की १६, असा प्रश्न विचारणे म्हणजे शेराने मोजलेले धान्य आणि किलोने तोललेले धान्य यांच्या आकड्यांची नुसती तुलना करणे होय. माप सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

मोजणीच्या नियमात विक्रेत्याची मर्जीही मिसळलेली असते. १९९४ मध्ये ‘वेट वेट वेट’ या स्कॉटिश गायकवृंदाचे ‘लव्ह इज ऑल अराउंड’ १५ आठवडे अग्रस्थानी होते. सलग आठवड्यांचा विक्रम गाठायला एकच आठवडा उणा होता. लोक त्या गाण्याला इतके कंटाळले होते की गायकवृंदानेच तबकडी बाजारातून काढून घेतली. श्रोत्यांची आवड ओसरली की पुरवठा थांबला, याचे उत्तर त्या यादीतून मिळत नाही. यादीला दुकानाच्या फळीवर असलेली वस्तूच दिसते.

अमेरिकेचा इतिहास याहून बोधप्रद आहे. तेथील ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाची ‘हॉट हंड्रेड’ ही यादी ४ ऑगस्ट १९५८ पासून सुरू झाली. विक्री आणि रेडिओवरील वादन यांची सांगड घालणे हे तिचे वैशिष्ट्य. ब्रिटनच्या यादीत रेडिओला स्थान नाही, अमेरिकेच्या यादीत ते आरंभापासून आहे. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडेल.

१९५८ ते १९९१ या तेहतीस वर्षांत एकाही गाण्याला या यादीवर दहा आठवड्यांची मर्यादा ओलांडता आली नाही. डेबी बूनचे ‘यू लाइट अप माय लाइफ’ १९७७ मध्ये आणि ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचे ‘फिजिकल’ १९८१-८२ मध्ये दहा आठवडे टिकले. बीटल्सच्या ‘हे ज्यूड’ला १९६८ मध्ये नऊच आठवडे मिळाले होते. मग ३० नोव्हेंबर १९९१ च्या यादीपासून मोजणीची पद्धत बदलली. १९९२ मध्ये ‘बॉइज टू मेन’ या वृंदाचे ‘एंड ऑफ द रोड’ १३ आठवडे राहिले. त्यामागोमाग व्हिटनी ह्यूस्टनच्या ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ने १४ आठवडे घेतले. १९९४ मध्ये ‘बॉइज टू मेन’च्याच दुसऱ्या गाण्याने पुन्हा १४ आठवडे गाठले आणि १९९५-९६ च्या हिवाळ्यात मराया कॅरी व ‘बॉइज टू मेन’ यांच्या ‘वन स्वीट डे’ने १६ आठवड्यांचा विक्रम केला. तेहतीस वर्षांत जे एकदाही घडले नाही ते साडेचार वर्षांच्या आत पाच वेळा घडले.

याचा अर्थ १९९२ नंतरची गाणी बीटल्सच्या गाण्यांहून दीडपट चांगली होती काय? कोणीही सुज्ञ श्रोता असे म्हणणार नाही. कारण मोजणीत सापडते. पूर्वी दुकानदार खपाचे आकडे कळवीत नसे, क्रम कळवीत असे; रेडिओ केंद्रेही आपापल्या वादनाच्या याद्या कळवीत. क्रम सांगणारा माणूस असतो. त्याला तेच ते नाव महिनोन्‌महिने पहिले सांगण्याचा कंटाळा येतो. नव्या मालाकडे लक्ष वेधणारा कंपनीचा प्रतिनिधी त्याच्या दारात उभा असतो. आणि जे संगीत त्याला स्वतःला रुचत नाही त्याचा खप त्याच्या नजरेतून निसटतो. नव्या पद्धतीत गल्ल्यावरचे यंत्र वेष्टनावरील पट्टी वाचू लागले आणि रेडिओवर कोणते गाणे किती वेळा वाजले हेही यंत्रच टिपू लागले. यंत्राला कंटाळा नाही. त्यामुळे लोक ज्या गाण्याला चिकटून राहतात त्याला किती काळ चिकटून राहतात, हे प्रथमच उघड झाले. दहा आठवड्यांची ती जुनी मर्यादा बव्हंशी कळवणाऱ्यांच्या सवयीची होती, असे आमचे अनुमान आहे.

या बदलाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली, आणि आमच्या मते ती विक्रमांहून मोठी आहे. आल्बमांच्या यादीत हीच पद्धत मे १९९१ मध्ये आली. त्याच वर्षी जूनमध्ये ‘एन.डब्ल्यू.ए.’ या कृष्णवर्णीय रॅप वृंदाचा आल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला. सप्टेंबरात गार्थ ब्रुक्स या कंट्री गायकाच्या आल्बमने तर थेट पहिल्याच क्रमांकावर प्रवेश केला. शहरातील कृष्णवर्णीय वस्त्यांचे आणि ग्रामीण, कष्टकरी गोऱ्यांचे, असे दोन्ही प्रकारचे संगीत जुन्या पद्धतीच्या यादीत आपल्या खऱ्या खपाच्या मानाने खाली राहत होते. ते ऐकणारे लोक त्यापूर्वीही होते आणि पैसे मोजून तबकड्या घेतही होते. मोजणाऱ्याच्या लेखी मात्र ते अर्धेमुर्धेच होते. नियमाचा बदल हा येथे न्यायाचा बदल ठरला.

तथापि यंत्र आले म्हणून नियम संपले, असे झाले नाही. यंत्र आकडे देते. कोणते आकडे धरायचे हे माणूसच ठरवतो. ५ डिसेंबर १९९८ पर्यंत ‘हॉट हंड्रेड’मध्ये येण्यासाठी गाणे सुटी तबकडी म्हणून दुकानात विक्रीला असणे बंधनकारक होते. पूर्ण आल्बम खपावा म्हणून कंपन्या पुष्कळदा अशी सुटी तबकडी काढीतच नसत. परिणामी ‘नो डाउट’ या वृंदाचे ‘डोन्ट स्पीक’ हे गाणे १९९६-९७ मध्ये रेडिओवादनाच्या यादीवर १६ आठवडे पहिले होते आणि मुख्य यादीत त्याचे नावही आले नाही. ‘गू गू डॉल्स’चे ‘आयरिस’ १९९८ मध्ये रेडिओवर १८ आठवडे पहिले राहिले. नियम बदलल्यावर ते मुख्य यादीत शिरले तेव्हा बहर ओसरला होता, आणि त्याच्या नावापुढे नववा क्रमांक लागला. नताली इम्ब्रुलियाच्या ‘टॉर्न’ची गत याहून वाईट. रेडिओवर ११ आठवडे पहिले असलेले हे गाणे मुख्य यादीच्या इतिहासात बेचाळिसावे म्हणून नोंदले गेले आहे. त्या वर्षांत अमेरिकेत राहिलेल्या कोणालाही ही गाणी आठवतील. यादीवरून इतिहास लिहिणाऱ्या उद्याच्या अभ्यासकाला मात्र ती दिसणार नाहीत, किंवा दिसली तर किरकोळ दिसतील. रेडिओवरील १८ आठवडे म्हणजे मुख्य यादीवरील १८ आठवडे नव्हेत, हे आम्ही जाणतो. आमचा मुद्दा एवढाच की ‘वन स्वीट डे’चा विक्रम एकवीस वर्षे अभंग राहिला त्यांपैकी आरंभीच्या काही वर्षांत त्याचे बलिष्ठ प्रतिस्पर्धी मैदानाबाहेर उभे केलेले होते.

मैदानाबाहेर उभे करण्याचे प्रकार पुढेही घडले. १९९१ ते २००९ या काळात जुन्या आल्बमांना मुख्य यादीत मज्जाव होता. त्यांची यादी वेगळी असे. जून २००९ मध्ये मायकेल जॅक्सनचे निधन झाले आणि त्याचे जुने आल्बम लोकांनी दुकानांतून अक्षरशः उचलून नेले. त्यांतील एकाचा आठवड्याचा खप मुख्य यादीतील पहिल्या क्रमांकाहून अधिक झाला, तरी मुख्य यादीत त्याला जागा नव्हती. देश ज्याचा शोक करीत होता त्याचे नाव शोकाच्या आठवड्यात यादीतून गायब! त्याच वर्षाच्या अखेरीस नियम बदलावा लागला. २०१२ मध्ये कोरियन गायक साय याचे ‘गंगनम स्टाइल’ जगाच्या कानाकोपऱ्यात वाजत होते. डिसेंबरात यूट्यूबवर एक अब्ज वेळा पाहिली गेलेली ती पहिली चित्रफीत ठरली. ‘हॉट हंड्रेड’मध्ये मात्र हे गाणे सात आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकले, कारण यूट्यूबवरील पाहणे तेव्हा गणनेत धरत नसत. ते फेब्रुवारी २०१३ पासून धरू लागले आणि ‘हार्लेम शेक’ नावाचे गाणे त्याच आठवड्यात थेट पहिल्या क्रमांकावर अवतरले. साय काही महिने अगोदर आला, एवढाच त्याचा दोष.

यानंतरचे पर्व स्ट्रीमिंगचे. येथे मोजमापच नव्हे, मोजायची वस्तूच बदलली. तबकडी माणूस एकदाच घेतो. घरी नेऊन ती शंभरदा ऐकली काय किंवा कपाटात ठेवली काय, यादीला दोन्ही सारखेच. म्हणजे जुनी यादी इच्छा मोजत होती. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक ऐकण्याची नोंद होते. म्हणून नवी यादी सवय मोजते. इच्छा नवनवीन वस्तूंकडे धावते, सवय जुन्यालाच धरून राहते. त्यात अमेरिकेच्या यादीत रेडिओची भर पडते, आणि रेडिओ तर एखादे चालते गाणे महिनोन्‌महिने सोडीत नाही. दीर्घ मुक्कामांना याहून अनुकूल हवामान कोणते? २०१७ मध्ये लुइस फोन्सी व डॅडी यँकी यांच्या स्पॅनिश ‘देस्पासितो’ने १६ आठवड्यांची बरोबरी केली. २०१९ मध्ये लिल नॅस एक्सच्या ‘ओल्ड टाउन रोड’ने १९ आठवडे गाठले आणि २०२४ मध्ये शबूझी याच्या ‘अ बार साँग’ने त्याची बरोबरी केली.

यांपैकी पहिल्या दोन गाण्यांच्या यशात आणखी एका नियमाचा वाटा आहे. मूळ गाणे आणि त्याची नवी रूपे यांचे आकडे एकत्र धरले जातात. ‘देस्पासितो’त जस्टिन बीबरचा आवाज मिसळला तेव्हा ते अमेरिकेत शिखराला पोहोचले. ‘ओल्ड टाउन रोड’मध्ये आधी बिली रे सायरस हा जुना कंट्री गायक आला आणि पुढे एकामागून एक नवी रूपे निघत राहिली, प्रत्येक रूपाने मूळ गाण्याच्या खात्यात भर घातली. आपल्याकडील गवयाने एकच बंदिश रोज नव्या अंगाने मांडावी आणि श्रोत्यांनी ती बंदिश एकच म्हणून मोजावी, तसा हा प्रकार. तो गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ही सवलत १९६८ च्या ‘हे ज्यूड’ला उपलब्ध नव्हती. गंमत अशी की याच ‘ओल्ड टाउन रोड’ला मार्च २०१९ मध्ये ‘बिलबोर्ड’ने कंट्री संगीताच्या यादीतून काढून टाकले होते, ते पुरेसे कंट्री नाही म्हणून. एका तरुण कृष्णवर्णीय गायकाचे गाणे एका यादीत बसत नाही आणि दुसऱ्या यादीत इतिहास घडवते. पाच वर्षांनी शबूझी या कृष्णवर्णीय गायकाचेच गाणे दोन्ही याद्यांच्या शिरोभागी बसले. गाण्यांहून यादीचेच मन अधिक बदलले होते, असे म्हणण्यास जागा आहे.

सर्वांत नवल ते मराया कॅरीच्या नाताळगीताचे. ते १९९४ चे. त्या वर्षी अमेरिकेत त्याची सुटी तबकडी निघाली नाही, म्हणून नियमाप्रमाणे ते ‘हॉट हंड्रेड’मध्ये येऊच शकले नाही. जानेवारी २००० मध्ये ते त्र्याऐंशीव्या क्रमांकावर डोकावून गेले. पुढे जुन्या गाण्यांना पुन्हा प्रवेश देण्याची मुभा मिळाली, स्ट्रीमिंग आले आणि नाताळात घराघरांतून वाजणारे गाणे मोजणीच्या कक्षेत आले. डिसेंबर २०१९ मध्ये, जन्मानंतर पंचवीस वर्षांनी, ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. तेव्हापासून दर नाताळात दोनचार आठवडे जमवीत डिसेंबर २०२५ मध्ये त्याने विसावा आठवडा पूर्ण केला आणि १९ चा विक्रम मागे पडला. त्या यादीवरील सर्वांत दीर्घ मुक्काम हा असा हप्त्याहप्त्याने जमलेला आहे. ‘वन स्वीट डे’चे १६ आठवडे एका हिवाळ्यात सलग मिळाले, नाताळगीताचे पहिले २० आठवडे सात हिवाळ्यांत विखुरले आहेत. गायिका एकच. पण पहिला आकडा एका उत्कट ऋतूचा आहे आणि दुसरा एका रूढीचा. आपल्याकडे गणपतीत आरत्या म्हटल्या जातात त्यांची कोणी अशी मोजदाद केली असती तर दर भाद्रपदात पहिला क्रमांक कोणाचा लागला असता, हे सांगायला नको.

ब्रिटनने याच्या उलट वाट धरली. तेथे जुलै २०१४ पासून शंभर वेळा ऐकणे म्हणजे एक विक्री असे समीकरण ठरले. २०१६ मध्ये ड्रेकचे ‘वन डान्स’ १५ आठवडे हलले नाही, तेव्हा यादी साचून राहते अशी ओरड सुरू झाली. जानेवारी २०१७ मध्ये शंभराचे दीडशे झाले. मार्चमध्ये एड शीरनचा आल्बम निघाला आणि त्यातील सोळा गाणी एकाच आठवड्यात पहिल्या विसांत बसली. मग जुलै २०१७ पासून दोन नियम आले. एका कलावंताची तीनच गाणी यादीत यावीत, हा एक. जे गाणे काही आठवडे यादीत राहून सलग तीन आठवडे उतरणीला लागले असेल, त्याचे ऐकणे निम्म्या भावाने मोजावे, हा दुसरा. म्हणजे उतरणाऱ्या गाण्याला आणखी एक धक्का. अमेरिकेत तीनचा नियम नाही. म्हणूनच टेलर स्विफ्टला नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिल्या दहाच्या दहा जागा घेता आल्या. ब्रिटनमध्ये ते घडूच शकले नसते.

या दोन देशांच्या नियमांत लोकप्रियतेचे दोन निराळे सिद्धान्त दडलेले आहेत. लोक तेच ते ऐकत असतील तर यादीनेही तेच ते दाखवावे, असे अमेरिकेचे म्हणणे दिसते. ब्रिटनच्या मते यादीचे काम वार्ता देण्याचे आहे आणि न बदलणारी वार्ता ही वार्ताच नव्हे. आमचा कौल विचाराल तर ब्रिटनचा नियम अधिक प्रांजळ आहे, कारण आपण हस्तक्षेप करतो हे तो उघड सांगतो. पण प्रांजळपणाची किंमतही आहे. ज्या यादीत गाण्याच्या पायात अशी बेडी घातली जाते, तिच्यावर फ्रँकी लेनचे १८ आठवडे यापुढे मोडले गेले नाहीत तर त्यावरून फ्रँकी लेनची थोरवी सिद्ध होत नाही. आणि अमेरिकेच्या यादीवर १६, १९, २० असे आकडे चढत जातात, त्यावरून गाण्यांचा दर्जा चढत गेला असेही सिद्ध होत नाही.

आता घराकडे वळू. लंडनमध्ये पहिली यादी छापली गेली त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानींचा तो आवाज इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांतही दर बुधवारी रात्री घुमत असे, हे आमच्या ज्येष्ठ वाचकांस सांगायला नको. त्या कार्यक्रमाचा जन्मच एका नियमातून झाला. तेव्हाचे नभोवाणीमंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले. शास्त्रीय संगीताविषयीच्या निष्ठेतून हे घडले, यात शंका नाही. फलित असे झाले की श्रोते सिलोनकडे वळले. १९५३ च्या वार्षिक यादीत अग्रस्थानी आलेले गीत ‘अनारकली’ चित्रपटातील. गायिका इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकर, संगीतकार पुणतांब्याचे सी. रामचंद्र. एका मराठी मंत्र्याने दार लावले आणि दोन मराठी कलावंत खिडकीतून साऱ्या आशियाभर पोहोचले.

गीतमालेच्या मोजणीत आम्हांस विशेष लक्षणीय वाटते ती एक गोष्ट. निव्वळ दुकानांतील विक्रीवर ती विसंबली नाही; गावोगावच्या श्रोता संघांची पसंतीही तिने जमेस धरली. ज्या देशात एका रेडिओभोवती सारी आळी बसे, तेथे तबकडी विकत घेणारा श्रोता हा श्रोत्यांतील फार लहान अंश होता. श्रोता संघाची सोय म्हणजे तबकडी न घेणाऱ्याचे ऐकणेही मोजण्याची सोय. झुमरी तलैयासारख्या आडगावाचे नाव फर्माइशींमुळे देशभर झाले ते याच युगात. अमेरिकेने १९९१ मध्ये यंत्राकडून जो न्याय मिळवला, त्याच जातीचा न्याय येथे पोस्टकार्डांनी अंशतः दिला होता.

तरी त्या यादीचीही एक भिंत होती. ती हिंदी चित्रपटगीतांची यादी होती. गजाननराव वाटवे यांची भावगीते, सुधीर फडके यांचे गीतरामायण ग्वाल्हेरच्या वाड्यांत आणि बेळगावच्या गल्ल्यांत कितीही गायले गेले, तरी गीतमालेत येणे त्यांच्या वाट्याला नव्हते. ते कमी ऐकले गेले असा त्याचा अर्थ नाही. ते कोठे मोजलेच गेले नाही. मराठीच्या नावाने पुढे ज्या याद्या निघाल्या असतील, त्यांतही पुण्या-मुंबईच्या दुकानांबाहेरचा श्रोता किती धरला गेला असेल, याचा आपणच विचार करावा. प्रदेशाबाहेर राहून भाषा जपणाऱ्या घरांचे ऐकणे हे बव्हंशी न मोजलेले ऐकणे आहे.

चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवाची कथाही हीच. पंचवीस आठवडे हे माप एका चित्रगृहात एक चित्रपट तळ ठोकून बसे त्या काळाचे. दादा कोंडके यांच्या नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची नोंद गिनीजच्या पुस्तकाने घेतली ती त्या मापाने. शेकडो पडद्यांवर एकाच दिवशी चित्रपट लावण्याची रीत आली आणि पंचवीस आठवडे टिकण्याची सोयच उरली नाही. प्रेक्षक पहिल्या दोन आठवड्यांतच संपू लागला. दुसरीकडे मुंबईच्या ‘मराठा मंदिर’मध्ये ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ने डिसेंबर २०१४ मध्ये एक हजार आठवडे पुरे केले, दिवसाला एकच खेळ आणि तिकिटाचा दर माफक, या व्यवस्थेने ते शक्य झाले. दोन्ही आकडे खरे आहेत, पण दोन्हींची बेरीज-वजाबाकी करता येत नाही.

मग विक्रम निरर्थक म्हणायचे काय? आमचे तसे म्हणणे नाही. एकाच नियमाखाली दोन गाणी उभी असतील तर त्यांची तुलना रास्तच आहे. १९९४ आणि १९९५ च्या गाण्यांत १४ आणि १६ हा फरक काहीतरी सांगतो. तसेच नियमाच्या विरोधात जाऊन मिळालेले यश सर्वांत बोलके असते. पूर्ण गणना नसताना परभाषेतील ‘गंगनम स्टाइल’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, यातच त्याचे बळ अनेक पहिल्या क्रमांकांहून अधिक दिसते. शिवाय लोकप्रियता ही गुणवत्तेची शत्रू आहे, असे मानणाऱ्या आमच्या काही समीक्षकमित्रांशीही आम्ही सहमत नाही. संगीत नाटकाच्या काळात पिटातून येणारा ‘वन्समोअर’ ही देखील मोजणीच होती, आणि बालगंधर्वांच्या थोरवीला त्यामुळे उणेपणा आला नाही. पिटातल्या माणसाला ओरडण्याचा अधिकार होता, म्हणून ती मोजणी बरीचशी खरी होती, इतकेच.

हा सारा खटाटोप साहित्याच्या पत्रिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे की हाच रोग आमच्या अंगणातही आहे. ‘पाचवी आवृत्ती’ असे मुखपृष्ठावर छापलेले पुस्तक आपण आदराने हाती घेतो. आवृत्ती पाचशे प्रतींची की पाच हजारांची, हे विचारीत नाही. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या वहीत एका सभासदाच्या नावे एकदा नोंद होते, आणि ते पुस्तक घरातील चार माणसे व शेजारची दोन वाचून परत येते. वही एक म्हणते. आमच्या गावांतील मराठी वाचनालये सभासद घटले म्हणून एकामागून एक कपाटे बंद करू लागतात तेव्हा निर्णय होतो तो याच वहीच्या आधारे. तेथे विक्रमाचा नव्हे, अस्तित्वाचा प्रश्न असतो.

म्हणून कोणताही आकडा पुढे आला की समीक्षकाने तीन गोष्टी विचाराव्यात, असे आम्ही सुचवितो. काय मोजले : विकत घेणे, ऐकणे, की ऐकवले जाणे? कोणास मोजले, आणि कोण दाराबाहेर राहिले? आणि दोन आकड्यांच्या मध्यंतरी नियम बदलला का? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर विक्रमाचे जे काही शिल्लक राहील, ते गाण्याच्या खात्यावर खुशाल जमा करावे. पुढच्या वार्षिक सभेत वाचनालयाच्या देवघेवीचा अहवाल वाचला जाईल, तेव्हा आमच्या सभासदांनी हेच तीन प्रश्न तेथेही विचारावेत.